दोघांत एक खोली

नळवाल्यांनी गुडघे टेकून बेसिनखाली हात घातला आणि गळणाऱ्या पाइपाचा नट सैल करून पाहिला. आतला वॉशर पार सुकून गेला होता. त्यांनी बिस्किटांच्या पुड्याला गुंडाळलेला रबरबँड काढला, त्याचे दोन वेढे आट्यांवर घेतले, नट पुन्हा आवळला आणि थेंब थांबतो की नाही ते बघत तिथेच बसून राहिले.

"अहो, हॉटेल त्यांचं, पाणी त्यांचं. गळू द्या की," पलंगावरून होणारे व्याही म्हणाले.

"रात्रभर टपटप ऐकू येते."

"तुम्हाला येत असेल. मी तर मेल्यासारखा झोपतो."

मेलेली माणसं एवढी घोरत नाहीत, हे नळवाल्यांच्या ओठावर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. गेल्या तीन रात्रींत असं बरंच काही गिळून झालं होतं. मुलीच्या बापाला या कामाचा सराव असतो.

थेंब थांबला. ते उठले, हात पुसायला टॉवेल शोधू लागले. दोन्ही टॉवेल व्याह्यांनी घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवले होते. चादरही ओढून सारखी केलेली. तीन दिवसांत या माणसाने स्वतःचा ग्लास धुतला नव्हता.

"बरं, ऐका ना," व्याही मिशीवरून कंगवा फिरवत म्हणाले. "तुम्ही आता जरा खाली बसाल का? तास-दीड तास."

"का बरं?"

"एकजण येणार आहे." कंगवा मिशीवरून कानांकडे गेला. "दुपारचे दर निम्मे असतात. संध्याकाळनंतर लूट आहे नुसती."

नळवाल्यांना समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा ते ओले हात धरून तसेच उभे होते आणि व्याही त्यांच्याकडे आरशातून बघत होते. चेहऱ्यावर ना लाज, ना चोरटेपणा. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला जरा सरकायला सांगावं, इतक्या सहजपणे त्यांनी ते सांगितलं होतं.

"तुमच्यासाठीही सांगू का एखादीला?" व्याही म्हणाले. "नंतर? लाजू नका. इथे आपल्याला कोण ओळखतंय?"

"नको," नळवाले म्हणाले. हात पॅंटला पुसले, खिसा चाचपला आणि बाहेर पडले.

जिन्यात त्यांना पुढचं सगळं सुचलं. 'मी खोली सोडणार नाही, तुम्हाला करायचं ते बाहेर करा.' 'वयाकडे बघा.' 'उद्या माझी लेक तुमच्या घरात येणार आहे.' एकाहून एक चांगली वाक्यं. नळवाले पायरीगणिक एकेक वाक्य रचत खाली उतरले, आणि स्वागतकक्षात येऊन मुकाट्याने खुर्चीवर बसले.

बांधकाम साहित्याचं प्रदर्शन दरवर्षी या परक्या देशाच्या राजधानीत भरायचं. देशोदेशीचे व्यापारी चार दिवस इथे येऊन पडायचे आणि शहरातल्या खोल्यांचे भाव तिपटीवर जायचे. नळवाले आजवर कधी आले नव्हते. व्याह्यांचं फरशीचं मोठं दुकान, ते सात-आठ वर्षं येत होते. या वर्षी नातं जुळलं, मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा व्याहीच म्हणाले की चला बरोबर. दोघांत एक खोली घेऊ, निम्म्यात पडेल. नळवाल्यांच्या बायकोला तर ही कल्पना फारच पसंत पडली. एका खोलीत राहिलात म्हणजे ओळख वाढेल, ती म्हणाली. ओळख वाढली होती, यात काही शंका नाही.

हॉटेल जावयाने शोधलं होतं. जावई म्हणजे होणारा. पोरगा मोठा व्यवस्थित. त्याने पाच हॉटेलांचा एक तक्ता करून पाठवला होता. प्रत्येकाचं भाडं, नाश्ता आहे की नाही, प्रदर्शनापर्यंत जायला किती वेळ, सगळं चौकटीत बसवलेलं. तो तक्ता नळवाल्यांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या चार लोकांना दाखवला होता. हिशेबी मुलगा आहे, संसार नीट करेल, असं म्हणताना त्यांची छाती फुगायची.

फक्त एक गोष्ट त्यांच्या व्यापारी डोक्यात पहिल्या दिवसापासून कुसळासारखी टोचत होती. पाचांतलं हे हॉटेल सगळ्यांत स्वस्त नव्हतं. प्रदर्शनाच्या समोरच एक होतं, त्याचं भाडं जवळपास एवढंच, वर नाश्ता फुकट. इथून रोज दोन गाड्या बदलून पाऊण तास जावं लागे आणि नाश्ता पदरचा. एवढ्या हिशेबी पोराने हे का निवडलं असेल? त्यांनी व्याह्यांना एकदा विचारलंही होतं. 'त्याला माहीत आहे इथलं सगळं,' एवढंच ते म्हणाले होते.

आज प्रदर्शन दुपारीच आटोपलं होतं. उद्या संध्याकाळी विमान. स्वागतकक्षात प्रदर्शनाला आलेले आणखी तिघेजण बसले होते. तिघांच्याही गळ्यात अजून कंपनीच्या नावाचे पट्टे लोंबत होते. ते बायकांबद्दल बोलत होते, पण ऐकणाऱ्याला वाटावं नमुन्याच्या फरशा निवडतायत. ही गोरी, ती जाड, तिचा भाव चढा, दोन घेतल्या तर सूट. एकाने बोलता बोलता दात कोरले आणि काडी कुंडीत टोचली. नळवाल्यांना शिसारी आली. ते उठून काचेच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

बाहेर गल्ली दिवसाढवळ्या उघडी पडली होती. रात्री लखलखणाऱ्या पाट्यांवरचे दिवे विझलेले, त्यांच्या मागच्या वायरी आणि पाखरांची घाण दिसत होती. एक माणूस नळीने फुटपाथ धूत होता. ओकारी, सिगारेटची थोटकं, कसल्याकसल्या चिठ्ठ्या, सगळं पाण्याबरोबर जाळीकडे चाललं होतं आणि जाळी तुंबली होती. नळवाल्यांनी उभ्या आयुष्यात तुंबलेल्या मोऱ्या काढल्या होत्या. धंद्याच्या सुरुवातीला तर कोपरापर्यंत हात घालून काढल्या होत्या आणि तेच हात धुऊन जेवले होते. घाणीची किळस त्यांना कधीच आली नाही. घाण म्हणजे काय, माणसाच्या पोटातून आलेली वस्तू. आज मात्र त्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं, उलटी होण्याआधी सुटतं तसं.

एक बाई दार ढकलून आत आली. चाळिशीची असेल. साधा झगा, हातात भाजीची पिशवी, पायात सपाट बूट. नळवाल्यांना वाटलं, साफसफाईवाली. तिने काउंटरवरच्या कारकुनाला आपलं ओळखपत्र दिलं, पिशवी त्याच्याकडेच ठेवली, आणि खोलीचा नंबर विचारला. त्यांच्या खोलीचा नंबर. मग गुडघ्यावर हात टेकत, एकेक पायरी चढत ती वर गेली.

पट्टेवाल्या तिघांतला एकजण हसून काहीतरी म्हणाला. नळवाल्यांनी पाठ फिरवली. हे आपले व्याही. यांच्या शेजारी मांडवात उभं राहायचं. यांच्या पाया पोरीने पडायचं. पण बापावरून मुलगा कशाला पारखायचा, असंही ते स्वतःला समजावत होते. मुलगा वेगळा आहे. शिकलेला आहे. बोलतो किती अदबीने. बाप आज आहे, उद्या नाही. संसार मुलाशी करायचा आहे. हे सगळं त्यांनी मनात दोन-तीनदा घोळवलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.

अर्ध्या तासात बाई खाली आली. काउंटरपाशी जाऊन हळू आवाजात काही बोलली. कारकुनाने वहीत पाहिलं, मान वर केली, आणि बोटाने नळवाल्यांना बोलावलं. खोली त्यांच्या नावावर होती.

"ती म्हणते, ठरल्यापेक्षा कमी दिले," कारकून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "जेवढे ठरले, त्याच्या चारातले तीन हिस्से. बाकी एक हिस्सा राहिला."

"मी नाही. तो दुसरा माणूस," नळवाले म्हणाले.

"खोली तुमची," कारकून म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हता. तो फक्त सांगत होता.

व्याह्यांचा हा हातखंडा होता. माल उतरवून घ्यायचा, मग पावती हातात घेऊन म्हणायचं, एवढेच आहेत बघा, परवडत असेल तर घ्या. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. नळवाले स्वतःही यावर खूप हसले होते.

बाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती एक बूट काढून टाच चोळत होती. नळवाल्यांनी नोटा काढल्या, काउंटरवर ठेवल्या. पट्टेवाले तिघे आता उघड उघड बघत होते. त्यांच्यातला दात कोरणारा नळवाल्यांकडे बघून आपल्यातलाच माणूस भेटल्यासारखा हसला. बाईने नोटा मोजल्या, एक जास्तीची होती ती परत सरकवली, ओळखपत्र आणि भाजीची पिशवी घेतली आणि निघून गेली.

नळवाल्यांनी ती नोट उचलली नाही. ते सरळ बाहेर पडले. आज रात्री त्या खोलीत झोपायचं नाही, एवढं त्यांचं ठरलं. तिप्पट पडो, चौपट पडो.

समोरच्याच हॉटेलात ते शिरले. काउंटरवर चष्मा लावलेली एक मुलगी होती. एकट्याची खोली, एका रात्रीसाठी, त्यांनी विचारलं. तिने आकडा सांगितला. आकडा ऐकून नळवाल्यांचे डोळे पांढरे झाले, तरी त्यांनी पाकीट काढलं.

"आणि बाहेरचं माणूस खोलीत आणणार असाल तर प्रत्येक वेळचे हे वेगळे," मुलीने एका छापील तक्त्यावर बोट ठेवलं. तिचा आवाज पावसाळ्यात छत्री आणा म्हणावं इतका साधा होता.

"मला नाही आणायचं कोणी."

"सगळ्यांना सांगावं लागतं. नंतर भांडणं होतात."

नळवाल्यांनी तो दुसरा आकडा पाहिला. जवळजवळ खोलीच्या भाड्याएवढाच होता.

"असे पैसे सगळीकडे घेतात?"

"शहरात सगळीकडे. प्रदर्शनाच्या बाजूला तर आणूच देत नाहीत." तिने काचेतून समोर बोट दाखवलं. "फक्त त्यांच्याकडे घेत नाहीत. ज्यांना माहीत आहे, ते तिथेच उतरतात."

नळवाले पाकीट हातात धरून उभे राहिले. डोक्यात पाच हॉटेलांचा तो तक्ता चौकट न् चौकट उभा राहिला. भाडं, नाश्ता, अंतर. हिशेब आता तंतोतंत जुळत होता. मुलीने दोनदा विचारलं, खोली घ्यायची आहे ना? ते पाकीट खिशात टाकून बाहेर आले.

व्याही अंघोळ करून, भांग पाडून आपल्या हॉटेलच्या दारातच उभे होते.

"कुठे गेला होतात? चला, काहीतरी खाऊ. भूक लागली मला."

"हे हॉटेल जावईबापूंनी कधी पाहिलं होतं?" नळवाल्यांनी विचारलं.

"पाहिलं म्हणजे? दर वर्षी इथेच उतरतो तो. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी. मित्रांना घेऊन येतो." व्याह्यांनी पोटावरून हात फिरवला. "मी आपला वेड्यासारखा त्या महागड्या हॉटेलात उतरायचो आणि वरचे पैसे भरायचो. त्यानेच सांगितलं, बाबा, काय हे, इथे उतरा. डोकं आहे पोराला."

"दर वर्षी," नळवाले म्हणाले.

"आता लग्नानंतर बंद होईल हो. आम्ही नाही का सुधारलो?" असं म्हणून व्याही स्वतःच्याच बोलण्यावर खो-खो हसले. हसता हसता त्यांनी नळवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून ओलसर होता, साबणाचा वास येत होता. नळवाल्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखा काटा आला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मला घरी फोन करायचा आहे."

"करा, करा. हॉलचे पैसे आजच भरायचेत ना? आमच्या हिचा फोन आला होता. तारीख जायला नको." आणि व्याही कोपऱ्यावरच्या खानावळीकडे चालू लागले.

फोन दोनदा वाजताच बायकोने उचलला.

"निघालेच होते," ती म्हणाली. "चपला घालतेय. हॉलवाला पाचपर्यंतच थांबणार आहे."

"जाऊ नकोस."

"का हो?"

"पैसे भरू नकोस. मुलगा आपल्याला नको."

ती सावकाश म्हणाली, "व्याह्यांशी वाजलं का तुमचं?"

"नाही."

"देण्याघेण्याचं काही काढलं त्यांनी?"

"नाही गं."

"मग?"

नळवाल्यांनी तोंड उघडलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला काय काय सांगितलं होतं. कुठल्या बंगल्याच्या गटारातून काय निघालं, हेसुद्धा जेवताना सांगितलं होतं. पण हे सांगायला शब्द येईनात. जो शब्द मनात येई तो त्या पट्टेवाल्यांच्या तोंडचा वाटे.

"कारण विचारू नकोस," ते शेवटी म्हणाले.

"वा!" बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "हेच ती पोर म्हणत होती. दोन महिन्यांपूर्वी. नको म्हणाली, कारण विचारू नका म्हणाली. तेव्हा तुम्ही काय केलंत? समोर बसवलंत तिला. म्हणालात, वस्तू परत करायची तर खोट दाखवावी लागते. खोट दाखव, नाहीतर हो म्हण. दोन दिवस जेवली नव्हती ती. आता मी विचारते तुम्हाला. दाखवा खोट."

नळवाल्यांना ती संध्याकाळ आठवली. लेक समोर बसून नखाने टेबलाची कड खरवडत होती. 'बाबा, तुम्हाला सांगण्यासारखं नाहीये,' एवढंच म्हणत होती. आणि आपण हसलो होतो. मुलींचे नखरे असतात म्हणालो होतो. तक्ता काढून दाखवला होता तिला. बघ, किती व्यवस्थित मुलगा आहे. तिने तक्त्याकडे पाहिलं होतं, बराच वेळ पाहिलं होतं, आणि मग 'बरं' म्हणाली होती. त्या 'बरं'वर आपण पेढे वाटले होते. इतका वेळ वरच्या खोलीची, व्याह्यांच्या हाताची, त्या कुंडीतल्या काडीची किळस येत होती. आता ती स्वतःची येऊ लागली.

"मनी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"इथेच आहे. माझ्याबरोबर यायला निघाली होती."

"दे तिला."

फोन या हातातून त्या हातात गेला. मग लेकीचा आवाज आला.

"बाबा?"

"मने," नळवाले म्हणाले आणि थांबले. फुटपाथ धुणारा माणूस आता नळी गुंडाळत होता. "मने, हे हॉटेल... तो इथे..."

तिने त्यांना वाक्य पुरं करायला वेळ दिला, आणि ते पुरं होत नाही असं पाहिल्यावर हळूच विचारलं,

"लाल पायऱ्यांचं आहे, तेच ना?"

नळवाल्यांनी खाली पाहिलं. ते दुसऱ्या पायरीवर उभे होते.

"तुला कसं..."

"फोटो होते त्याच्या फोनमध्ये," ती म्हणाली. "बरेच."

"मला का नाही बोललीस गं?"

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्याबरोबर त्यांना कळलं की हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. लेकीलाही ते कळलं असावं.

"आईला तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं. मी सांगते."

फोन बंद न करताच तिने तो कुठेतरी ठेवला. नळवाले कानाला लावून ऐकत राहिले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तिचा.

"आई, चपला काढ. बस इथे माझ्याजवळ."